लाडू, सोडा आणि भिमाजीचा कोठा

मित्रांनो, मी एक जुना कोठा आहे. शाळेच्या पुस्तकात मला जठर म्हणतात. पण आमच्या काष्टी गावात कुणी 'माझं जठर दुखतंय' म्हणाला, तर लोक त्याला आधी पाणी पाजतील आणि मग देवऋष्याकडे नेतील. माझे मालक भिमाजी. आम्हा दोघांचा जन्म एकाच दिवशी झाला, बारसे मात्र त्यांचे एकट्याचे झाले.

मी पखालीसारखा आहे. रिकामा असलो की चुरगळून पडतो, भरलो की फुगतो. माझ्या भिंतींतून एक जहाल आम्ल पाझरते. त्याने माझेच कातडे सोलू नये म्हणून आतून बुळबुळीत अस्तर दिलेले आहे. मालक म्हणतात, 'पोटात आग पडली.' आग कसली, तेच माझे भांडवल.

हे सारे मला कसे ठाऊक? मालकांची मुलगी चांगुणा मॅट्रिकला होती. संध्याकाळी ती धडा मोठ्याने वाचायची आणि मालक भाकरी खात ऐकायचे, त्यामुळे भाकरी आणि विद्या माझ्याकडे एकदमच पोहोचत. माझ्या रसात पेप्सिन नावाचे विकर आहे, हे मला असेच कळले. विकर म्हणजे स्वतः न झिजता अन्नाचे तुकडे पाडणारे द्रव्य. स्वतः न झिजता दुसऱ्याला झिजवणारी माणसे गावातही आहेत. पण त्यांना विकर म्हणत नाहीत, सरपंच म्हणतात.

विकरांचा स्वभाव मोठा हट्टी. लाळेतले विकर पिठूळ पदार्थांवरच काम करते. म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. माझ्या आम्लात उतरले की ते गार पडते. पेप्सिनचे उलटे. त्याला आम्ल नसेल तर ते कामाला हात लावत नाही, आणि लावले तरी डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांपुरतेच. तुपाकडे ते मान वर करूनही बघत नाही.

धडा इथवर आला आणि १९७१ च्या मार्गशीर्षात चांगुणाचे लग्न ठरले. नवरामुलगा राधाकृष्ण संगमनेरकडचा, बागायतदार घरातला. परीक्षा होती मार्चमध्ये. तोवर पोरीला माहेरी राहू द्या, असे मालकांनी सुचवले, तेव्हा व्याही बन्सीराव म्हणाले, "आमच्या गोठ्यातली जनावरं ती पास हाय का नापास, हे इचारत न्हाईत."

"चार दिवसांचा तर सवाल हाय, व्याही."

"मग पंगतीत बगू. लाडवाला बसू दोगं. मी आधी पाट सोडला, तर परीक्षेपतुर ठेवा पोरगी. तुमी सोडला, तर मांडवातनंच आमच्यासंगट."

लाडू मोजायचे नाहीत, मोजले की नजर लागते, असेही ठरले. बन्सीराव पंगतीतले नावाजलेले गडी होते. माझ्या मालकांनी हो म्हटले, आणि मला कुणी विचारले नाही.

जागा व्हावी म्हणून मालकांनी आदल्या दिवशी उपास धरला. मित्रांनो, उपासाने कोठा मोठा होत नाही, नुसता चिडतो.

व्याह्यांची पंगत बसली. दोघेही बुंदीचे लाडू गोळ्या मारल्यासारखे आत सोडू लागले. अख्खेच्या अख्खे. मी ते घुसळायचे, भिजवायचे, पेजेसारखे पातळ करायचे आणि थोडे थोडे खाली लहान आतड्याकडे सोडायचे, असा रिवाज. पण तूप पोहोचले की आतडे माझे खालचे दार आवळून धरते. आधीचे निस्तरू दे, मग पुढचे पाठव. वरून मालक लोटतायत, खालून दार बंद. मधल्या माणसाचे हाल काय असतात, ते मला विचारा.

तेवढ्यात मुंडावळ्यांसकट चांगुणा वाढायला आली. परात टेकवत हळूच म्हणाली, "आबा, चावून खा. घाई त्यान्ला हाय."

मालक चावू लागले. मला जरा उसंत मिळाली. पण मी गळ्यापर्यंत आलो होतो. हे ओळखले आमच्या मालकीणबाईंनी, लंकाबाईंनी. त्यांचा एक सिद्धांत होता. चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते, तर पोटातली का शिजू नये? त्यांनी चिमटीऐवजी मूठ धरली, तांब्यात कालवली आणि पाणी म्हणून पुढे केली.

सोडा आणि आम्ल समोरासमोर आले, की फेस येतो आणि वायू सुटतो. मी फुगलो. खाली दार बंद होते. एकच वाट उरली, वरची.

असा ढेकर काष्टीच्या बैलबाजारातही कुणी ऐकलेला नव्हता. मांडवातली कुत्री उठून गेली. आता आमच्याकडे ढेकर म्हणजे जेवणावरची सही. तो दिला की माणूस संपला. बन्सीरावांनी मांडीवर थाप मारली, म्हणाले, "झालं. व्याही भरले," आणि ऐटीत उठून उभे राहिले.

मालकांनी पुढचा लाडू फोडला. ढेकराने माझ्यात जागा झाली होती. "बसा की, व्याही. मी जेवतोय अजून."

मांडवात कालवा झाला. बन्सीरावांच्या आई, गोजरबाई, बायकांच्या पंगतीतून म्हणाल्या, "बन्सी, पाट कुनी सोडला?"

"आई, त्यांनी ढेकर दिला."

"ढेकर तोंडानं देत्यात, बाबा. पाट कशानं सोडत्यात?"

नवरदेवाने उपरण्यात तोंड लपवले. हसला की रडला, ते मला आतून समजले नाही.

चांगुणा राहिली. मी मात्र उताणा पडलो. आम्ल सोड्यात खर्ची पडले, पेप्सिन हाताची घडी घालून बसले, आणि मालक बरेच दिवस मुगाच्या कढणावर राहिले. त्या कढणाबरोबर उरलेला धडा माझ्याकडे आला. खाली स्वादुपिंडाचा रस येतो; त्यातले एक विकर प्रथिने फोडते, दुसरे पिठूळ, तिसरे चरबी. यकृताचे पित्त तुपाचे बारीक थेंब करते. मग आतड्याच्या मखमलीसारख्या भिंतीतून सारे सत्त्व रक्तात जाते. मित्रांनो, मला वाटायचे, पचन म्हणजे मीच. गावही म्हणायचे, 'काय कोठा हाय भिमाजीचा!' त्या आतड्याचे नाव आजवर एकाही पंगतीत निघालेले नाही.

मार्चच्या पेपरात पचनसंस्थेची आकृती विचारली होती. चांगुणाने मला काढले, थोडे जाड काढले असे ऐकतो. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. पेढे घेऊन बन्सीराव स्वतः आले.

"पास झाली," ते पडेल आवाजात म्हणाले. "आता माझ्या ताटाजवळ बसती, व्याही. घास गिळला की म्हनती, मामंजी, चावा. घरात पैलवान मी, अन् पंच ती."

"मग?"

"मग काय. पोट दुखायचं थांबलं. सांगू नका कुनाला."

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती. आम्ल माझ्याकडे आहे, विकरे आहेत, खाली आतड्यासारखा न बोलणारा शेजारी आहे. पण दात देवाने तुमच्याकडे दिलेत. माझ्याकडे एकही नाही.