बंद नळीची घसरगुंडी

मी हॉस्पिटलात प्लास्टर घालते. दिवसभर मोडकी मनगटं आणि मोडकी कोपरं. कशावरून पडलास रे राजा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: झोका, नाहीतर घसरगुंडी. त्यामुळे मागच्या अंगणात मुलांसाठी काहीतरी बसवू या, असं नवऱ्याने काढलं तेव्हाच मी नको म्हणाले.

"अगं, पोरं आहेत ती, काचेची भांडी नाहीत," तो म्हणाला.

"काचेची भांडी फुटली तर नवी आणता येतात!"

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! सुट्टीच्या दिवशी आम्ही पाचही जण दुकानात हजर.

दुकानामागच्या पटांगणात झोके, शिड्या, घसरगुंड्या, लाकडी घरं असे सगळे नमुने मांडून ठेवले होते. वारा बोचरा होता. धाकटीची टोपी सारखी मागे पडत होती, म्हणून मी तिच्या जॅकेटची नाडी गळ्याशी ओढून बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली.

"आई, टोचतंय."

"टोचू दे. कान दुखण्यापेक्षा बरं."

थोरली आणि मधला लपंडाव खेळायला सुटले होते. "हिलाही घ्या रे," मी ओरडले.

"ती कच्चा लिंबू!" मधल्याने तिथूनच जाहीर केलं. आमच्याकडे ती कायमचीच कच्चा लिंबू. सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, पण तिच्यावर राज्य यायचं नाही आणि तिला कुणी शोधायचंही नाही. तरी ती खूश होऊन मागे धावली.

मी एकेक खांब हलवून बघू लागले. या शिडीवरून पडलं तर कोपर गेलं. त्या झोक्याखाली दगड. विक्रेता बिचारा माझ्यामागे फिरून दमला. "बाई, मग सतरंजीच घेऊन जा," तो म्हणाला. नवरा फिदीफिदी हसला. मी दोघांकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी आटलं.

मग विक्रेत्याने ती दाखवली. जाड प्लास्टिकची, मधे वळण घेतलेली, बंद नळीची घसरगुंडी. "चारी बाजूंनी बंद. पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही." त्या दिवशी पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

"हीच," मी म्हणाले आणि मुलांना हाक मारली. थोरली आणि मधला धापा टाकत आले.

"सगळे सापडले?"

"हो, सगळे."

मी विक्रेत्याला रंग विचारायला वळले, आणि तशीच परत फिरले. "धाकटी कुठाय?"

"ती... कच्चा लिंबू ना," थोरली पुटपुटली.

पटांगणाचं फाटक सताड उघडं होतं. बाहेर रस्ता, गाड्या. नवरा रस्त्याकडे धावला. मी लाकडी घरांत डोकावले, शिड्यांखाली रांगले, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. उत्तर नाही. इतकी मी जन्मात कधी घाबरले नव्हते. धावताना मीच निवडलेल्या घसरगुंडीला खांदा आपटला आणि नळीच्या आत काहीतरी घासल्याचा आवाज आला.

खालच्या तोंडातून डोकं आत घातलं. वळणावर बुटांचे दोन तळवे दिसले, नळीला घट्ट रेटलेले. खांदे सोलवटत मी आत सरकले. नळीचे दोन तुकडे जोडले होते तिथल्या फटीत तिची नाडी अडकली होती. घसरायला लागली की गळा आवळायचा, म्हणून पोर पायांवर जोर देऊन स्वतःला थोपवून होती. पाय लटलट कापत होते. डोळे माझ्याकडे, तोंडातून चकार शब्द नाही.

मी तिला खांद्याने वर रेटून धरलं. गाठ सुटेना. एक नाही, दोन गाठी, माझ्याच हातच्या. "कात्री!" मी किंचाळले. "माझ्या पर्समध्ये!" बोथट टोकाची, पट्ट्या कापायची. थोरलीने आत हात घालून ती माझ्या कमरेशी धरली. मी चाचपडत हातात घेतली आणि नाडी कापली.

बाहेर आणून तिला गवतावर बसवलं. गळ्यावर लाल वळ होता. श्वास नीट चालत होता, मी तीन-तीनदा बघितलं. नवरा रस्त्यावरून परत आला आणि तिच्या शेजारी गवतावर बसला.

"ओरडली का नाहीस गं?" मला हुंदका आवरेना. "आई एवढी हाका मारतेय!"

"लपल्यावर आवाज करायचा नसतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा फुलला. "आई, तू मला शोधलंस! मी खरी सापडले! आता राज्य माझ्यावर ना?"

"हो गं बाळा. तुझ्यावरच."

तिने लगेच माझ्या मांडीत तोंड लपवलं आणि आकडे म्हणायला लागली. सात नेहमीसारखा गाळला. दहा झाल्यावर तिने मान वर केली. आम्ही चौघं तिच्या भोवती तसेच बसलो होतो. लपायला कुणाचेच पाय उठेनात.