घास कुणाच्या हातचा

ऋतुजाची केस-स्टडी तपासणाऱ्या कॉलेजच्या मॅडमांना पटली, तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपताच लातूरच्या ज्या दवाखान्यात ती शिकत होती त्याच दवाखान्यात नोकरीची शिफारस होती. एवढा मोठा फायदा निलंग्याकडच्या एका म्हातारीच्या उजव्या हातात अडकलेला.

गुरम्माला लकवा मारला म्हणून तिथं दाखल केलं होतं. तो बराचसा ओसरला. ऋतुजानं केससाठी घेतलेला सिद्धांत साधा होता: पेशंटला जमतं ते त्याचं त्यानं करावं, नर्सनं फक्त उरलेलं बघावं. सकाळी गुरम्मा उप्पीट आपल्या हातानं खायची, वर मीठ कमी म्हणायची. दुपारी पाहुणे आले की तोच हात चादरीवर मेल्यागत पडायचा. मग सून उज्वलानं भरवायचं आणि पाहुण्यांनी "नशीब काढलंस बाई" म्हणायचं. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाईला हा मान सोडवत नव्हता.

मॅडम नेमक्या त्याच वेळेला आल्या. गुरम्माची नणंद तारामतीही शिरूर अनंतपाळहून येऊन बसलेली.

"आजी, घ्या की हातानं," ऋतुजा म्हणाली.

"न्हाई जमत, माय."

मॅडमांनी ऋतुजाकडे बघितलं, ऋतुजानं उज्वलाकडे. उज्वलानं दोन्ही हात मांडीत दाबून धरले. आज भरवलं तर घरीही भरवावं लागणार आणि अंगणवाडीतलं काम सुटणार, हे तिला सिद्धांताशिवाय कळत होतं.

"भरव की! बघत काय बसलीस?" तारामती कडाडली.

"सिस्टर न्हाई म्हणल्या, आत्या."

"सासू कोण हाय तुझी? ही का सिस्टर?"

"मावशी, मीच सांगितलंय तिला," ऋतुजा म्हणाली.

"तू सांगशीलच. तुला कुठं सासू हाय अजून! आण ते ताट, मीच भरवते."

तारामतीनं वरणभात कालवला मात्र, गुरम्माचा हात उठला. सुनेच्या हातचा घास म्हणजे मान; नणंदेच्या हातचा उपकार, आणि तारामती तो मरेस्तोवर बोलून दाखवणार.

"ठिव खाली. मला हात न्हाईत का?"

ती जेवली, सांडत-लवंडत, पण जेवली. मॅडमांनी मान डोलावली.

ऋतुजाला शिफारस मिळाली, गुरम्माला हात, उज्वलाला अंगणवाडी. तारामतीला गावभर पुरेल एवढा विषय. पैसा कुणाचाच गेला नाही. गुरम्मा मात्र अजून आल्यागेल्यापुढं आपल्या हातानं भाकरी मोडते आणि सांगते, "दवाखान्यात सुनंनं घास दिला न्हाई मला." तेव्हा उज्वला तिच्या ताटात भाकरीला लावायला कोरड्यास वाढत असते.