माझ्यावर कुणी बसलंच नाही

मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. जुनं म्हणजे फक्त वयाने हं! अंगावर एक ओरखडा सापडणार नाही, कारण माझ्यावर आजवर कुणी बसलंच नाही.

मित्रांनो, कुर्ल्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात आम्ही तीस भावंडं जन्मलो. निळा रंग लावून टेम्पोतून मुलुंडला निघालो, तेव्हा मी कसलं फुशारलं होतं! मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात आम्हाला नोकरी लागली होती ना! पण उतरवल्यावर थेट गोदामात कोंडलं. बाहेर तीस बायका दहा-दहा तास उभ्यानेच पाकिटं भरायच्या. बसलं की हात मंदावतात, असं मालकाचं म्हणणं. सरकारी तपासणी असली की तेवढ्यापुरतं आम्हाला पुसून मांडायचे.

त्या बायकांत मालवणकडची कमळमावशी होती. तिच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. अशीच उभी राहिलीस तर पाय निकामी होतील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. म्हणून तिने बसायला मिळावं असा अर्ज सरकारी कचेरीत केला, पहिली सही स्वतःची केली, आणि खरंच तपासणीला एक साहेब आले.

मला नेमकं तिच्याच मागे ठेवलं होतं. आज ती बसणार! पण एकही बाई बसली नाही. कुणी अडवलं नव्हतं, तरीही. साहेबांनी लिहून नेलं: स्टुलं आहेत, कामगार वापरत नाहीत.

"अगं, तुझ्याच अर्जावर आला ना तो? मग टेकायचंस तरी," शेजारची द्रौपदी वैतागली.

"साहेब उभो, आणि मी कशी बसू?" कमळमावशी म्हणाली. मग आपल्याच पायांकडे बघत राहिली. "चुकला गो माझा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी काम बंद करून गेटबाहेर बसल्या. चक्क मांडी घालून! गोदामाच्या खिडकीतून मला दिसत होतं. कुणीतरी मोबाइलवर परदेशातले कामगार दाखवले, पगारासाठी, सुट्टीसाठी असेच रस्त्यावर आलेले. द्रौपदी म्हणाली, "चला, म्हणजे आपणच येड्या नाही."

नवव्या दिवशी मालक नमला, पण अर्धाच. स्टुलं मिळतील, म्हणाला, पण पहिली सही करणारीला परत घेणार नाही. बायका उठायला तयार नव्हत्या. कमळमावशीनेच त्यांना आत पाठवलं.

"जावा. माझ्या वाटणीचा पण बसान घेवा गो."

आता माझी भावंडं कामाला लागली आहेत. मी मात्र कमळमावशीच्या जागी रिकामं आहे. नव्या बाईला तिथे बसू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय. द्रौपदी रोज सकाळी मला पदराने पुसते आणि मालकाला तोच प्रश्न विचारते, ती कधी येणार?

मित्रांनो, दुकानात, गेटवर कुणी दिवसभर उभं दिसलं, तर विचारा ना, तुम्हाला बसायला आहे का? आम्हा स्टुलांना नुसतं पुसून ठेवणं ही काही आमची काळजी नव्हे. मला ओरखडे हवेत. कमळमावशीचे.