झिजलेल्या झाकणाची कबुली

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी बाटली आहे. माझ्यात औषधाची गोळी मात्र कधीच पडली नाही, कारण मी नुसता नमुना आहे. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मला मान वर करवत नाही.

माझा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात झाला. तिथे एक संशोधक ताई होती. "आधी वापरणाऱ्याच्या घरी जाऊन बघा, नमुना त्याच्या हातात द्या, मगच काय विकायचं ते ठरवा," असे ती मालकांना सांगे. या पद्धतीला ती डिझाइन थिंकिंग म्हणे. मालकांसमोर दोन झाकणे होती. एक माझे, दाबून फिरवायचे. दुसरे रुंद पंखांचे, पकडायला सोपे, पण जरा महाग. कारखाना कोणते काढणार, हे माझ्या चाचणीवर ठरणार होते.

ताई मला पर्समध्ये घालून चाळीस घरी गेली. पहिलेच घर एका म्हाताऱ्या शिंप्याचे. त्यांची बोटे आखडली होती, तरी ते खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर पडदे आणि उशांचे अभ्रे शिवत. माझ्याशी झटापट करून ते म्हणाले, "पोरी, हे झाकण आहे की कुलूप?" ताईने ते वहीत लिहून घेतले.

प्रत्येक घरी पाच-सहा जण मला उघडून बघत. माझे आटे झिजू लागले. विसाव्या घरानंतर तर मी हात लावताच उघडे. नमुना एकच होता आणि दुसरा बनवायला सवड कुणाला होती! शेवटी ताई पुन्हा त्या शिंपी आजोबांकडे गेली. या वेळी मी चटकन उघडले. "जमलं की गं मला!" म्हणत आजोबा लहान मुलासारखे हसले. खरे कारण मला ठाऊक होते. तरी त्या कौतुकाने मी हुरळून गेले, याची आजही लाज वाटते.

बैठकीत मालक म्हणाले, "आधी अवघड, नंतर सोपं. म्हणजे लोकांना सवय होतेय. पंखवालं नको, हेच काढू." ताईनेही होकार दिला. मग माझ्यासारख्या लाखो बाटल्या निघाल्या, कोऱ्या करकरीत आट्यांच्या.

चार महिन्यांनी आजोबांच्या मुलीचा ताईला फोन आला. रक्तदाबाच्या गोळ्या नव्या बाटलीत आल्या होत्या. झाकण उघडेना म्हणून तीन दिवस गोळी चुकली आणि आजोबा चक्कर येऊन पडले. ताईने मला आणि एक नवी बाटली उचलली आणि त्यांचे घर गाठले.

"आजोबा, शेजारी कुणाला सांगायचं तरी!"

"कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा तर चुटकीसरशी उघडली होती. तुझी बाटली चांगलीच आहे गं, माझीच बोटं गेली."

ताईने आम्हा दोघींना उघडून पाहिले. तिचा चेहरा उतरला. "बोटं तीच आहेत, आजोबा. चुकले मी. झिजलेला नमुना घेऊन घरोघर फिरले."

आजोबा खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिले.

"अगं, मग मी मशीन कशाला देऊन टाकलं?"

मित्रांनो, आता कारखान्यात पंखवाले झाकण निघते आणि चाचणीसाठी दर घरी कोरा नमुना नेतात. तुम्हीही मोठेपणी काहीतरी बनवाल. त्याचे कौतुक होऊ लागले, की ते उलटेपालटे करून नीट तपासा. आणि ज्याला ते वापरता आले नाही, त्याच्याकडे लगेच जा, तो स्वतःला बोल लावत बसायच्या आत.