नटांवरचा हिरवा रंग

साहेब, चाकांचे नट तुम्ही रंगवायला लावलेत. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही.

तुमचा शिपाई आत सोडत नाही. "साहेब कामात आहेत, काय ते लिहून दे," म्हणतो. म्हणून जॉबकार्डाच्या पाठीवर लिहितोय, उभ्या उभ्या. कागदाला ग्रीस लागलंय, त्याला इलाज नाही.

परवा संध्याकाळी लष्कराच्या सहा ट्रेलरांच्या रांगेतून फिरताना एका मागच्या चाकावर गंजाचा ओघळ दिसला. नटाच्या कडेतून निघालेला, काडीएवढा. शेडमध्ये काल कामाला लागलेला फिटरसुद्धा सांगेल, नट ढिला पडला की आत पाणी शिरतं, लोखंड लोखंडावर घासतं आणि असा ओघळ येतो. चाक निखळण्याआधी तेवढीच सूचना मिळते. मी चाकावर खडूनं फुली मारली. आमच्यात फुली म्हणजे फुली. ती असेपर्यंत ट्रेलर जागचा हलत नाही. त्या भरवशावर मी ट्रेलरचा नंबर वहीत चढवला नाही, सकाळी चढवू म्हटलं. ही माझी चूक. कबूल.

काल सकाळी येऊन बघतो तर सहाही ट्रेलर जागा बदलून उभे, नखशिखान्त हिरवेगार. फुली गेली, ओघळ गेला. कुठला कुठला, ओळखू येईना. रंगाऱ्याला धरलं, तर तो म्हणतो, "मला सांगितलं, डाग दिसता कामा नये. दिसतोय का? मग."

तुमच्याकडे आलो. सहाही ट्रेलरांचे नट पान्यानं तपासू द्या म्हणालो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रंग ओला आहे. ओरखडे पडतील. आधी तपासणी होऊ दे." संध्याकाळी शेडला कुलूप लावून किल्ली तुम्हीच घेऊन गेलात.

आज तपासणी झाली. वरून आलेल्या साहेबांनी रिमवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं, तुमची पाठ थोपटली गेली. नट कुणी हातानं हलवून पाहिला? कुणीही नाही. आणि लगेच ताफ्याला निघायचा हुकूम. माल चढलेला होताच.

मी पाना घेऊन धावलो. पहिला ट्रेलर तपासला तो माझा मेव्हणा ओढतो तो, ड्रायव्हर आहे तो. लपवत नाही. घरी त्याची बहीण आहे, मला तोंड दाखवायचंय. मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींचे नट घट्ट होते. चौथ्याला पाना लावला आणि गेट उघडलं. पुढच्या गाड्या हलल्या, मागून हॉर्न सुरू झाले, मला बाजूला ढकललं. म्हणजे ढिलं चाक उरलेल्या तीन ट्रेलरांपैकी एकावर आहे, आणि ते रस्त्यावर आहे.

मेव्हण्याला फोन लावला. ताफा रेल्वेच्या फाटकात थांबला होता.

"दाजी, माझं तपासलंत ना?"

"तुझं ठीक आहे."

"आणि मागच्या तिघांचं? त्यांना दाजी नाहीत म्हणून राहिलं वाटतं."

म्हटलं, "पुढच्या थांब्यावर उतर. तिघांच्या मागच्या चाकांना पालथा हात लावून बघ. एखादं जास्त तापलेलं असेल, नटाजवळ रंग तडकलेला असेल, तर गाडी हलू देऊ नकोस."

"पुढचा थांबा उताराच्या पलीकडे आहे."

तो उतार मला माहीत आहे. भरल्या ट्रेलरचं चाक तिथं निघालं तर ट्रेलर ट्रकलाही ओढून नेईल.

"मग आत्ताच सांग ताफाप्रमुखाला."

"गेटवर तुम्हाला ढकललं तेव्हाच सांगितलं हो. तो म्हणतो, गाड्या ठीक असल्याची सही तुमच्या साहेबांची आहे. त्यांनी फोन केला तर लगेच थांबवतो. फिटरच्या सांगण्यावरून नाही." मग म्हणाला, "फाटक उघडलं. ठेवतो."

उतार लागायला तेव्हा पाऊण तास होता. तुमच्या दाराशी येण्यात आणि हे लिहिण्यात वीस मिनिटं गेली. फोन तुमच्या टेबलावर आहे, काचेतून दिसतोय. मी खोटा ठरलो तर तिन्ही ट्रेलरांचे ओरखडे माझ्या हातानं रंगवून देईन, वर जी शिक्षा द्याल ती घेईन.

ताफा थांबवताय की नाही? शिपायाकडे निरोप नको. दार उघडा आणि माझ्या तोंडावर सांगा.