पंगतीत राहिलेली प्लेट

"तोंड उघड."

दीपमालानं ओठ घट्ट मिटून मान खाली घातली. अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात दुसरी पंगत बसत होती, वाढपी कढईतली वांग्याची भाजी घेऊन धावत होते आणि देवराव बारा वर्षांच्या लेकीची हनुवटी धरून मधल्या वाटेत उभे होते.

"दाताची प्लेट कुठं आहे दीपू?"

"जेवताना काढली."

"डबीत?"

"डबी अमरावतीलेच राह्यली. कागदाच्या रुमालात गुंडाळून पत्रावळीखाली ठेवली होती." तिनं पंगतीकडे बोट दाखवलं. "बाजूच्या पोरी पाहून राह्यल्या होत्या बाबा. हात धुवून आली तं पत्रावळच उचललेली."

पोरीचा खालचा जबडा मागे राहिलेला, वरचे दात पुढे. वर्गातली पोरं काय काय म्हणत ते ती घरी सांगत नसे, पण फोटोची वेळ आली की ओढणी तोंडावर जायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तारेच्या प्लेटनं जबडा वाढत्या वयातच पुढे येतो, वय निघून गेलं की ऑपरेशनशिवाय इलाज नाही. एक प्लेट उन्हाळ्यात हरवून झाली होती. दुसरी बनून येईपर्यंत पुढे आलेला जबडा पुन्हा मागे गेला होता. आता ही गेली तर संपलंच.

ते तिचा हात धरून कार्यालयाच्या मागच्या दाराकडे पळाले. तिथे उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग पडलेला, बाया टोपल्या भरभरून ट्रॉलीत टाकत होत्या आणि ट्रॅक्टरवाला निघायच्या घाईत होता.

"थांबा भाऊ! दोन मिनिटं थांबा!"

एवढं धावत आलेला माणूस ढिगापाशी पोचला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. त्याला कारण होतं. देवरावांची आई, चतुराबाई, लग्नसराईत लोकांच्या दारच्या पत्रावळ्या उचलायची. कचेरीत नोकरी लागली त्या दिवशी देवरावांनी तिला सांगितलं होतं, "माय, आजपासून आपल्या घरचा हात कोणाच्या उष्ट्याले लागनार नाई." म्हातारी हे ऐकून नुसती हसली होती. ती गेली, आणि ते सगळं तिच्याबरोबरच गेलं असं त्यांनी ठरवून टाकलं. लेकीला तर यातलं अवाक्षरही माहीत नव्हतं. आज हेडक्लार्कांच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसले होते ते भुकेपेक्षा मानानं बसण्यासाठीच, असं म्हटलं तरी चालेल.

तेवढ्यात दीपमाला खाली वाकली. त्यांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"तू नाई."

"मंग कोण?"

मागून हेडक्लार्क गोपाळकृष्ण उपरणं सावरत आले. "अहो देवराव, इथे काय करताय? काही हरवलं का?" कारण कळताच त्यांनी टोपली उचलणाऱ्या बाईला हाक मारली. "कौशल्या, ए कौशल्या! यांची वस्तू शोधून दे गं जरा."

कौशल्यानं टोपली खाली ठेवली.

"नाई साहेब," देवराव म्हणाले. "त्यायले नका सांगू."

"अहो, त्यांचं कामच आहे ते."

"मायी मायही जन्मभर हेच काम करत होती साहेब. पोरगी मायी आहे, मीच पाहीन."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की दीपमाला शेजारीच उभी आहे. गोपाळकृष्णांनी नजर दुसरीकडे वळवली. देवरावांनी नव्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ते उकिडवे बसले.

एकेक गुंडाळलेली पत्रावळ उघडायची, चाचपायची, बाजूला टाकायची. कढी, बुंदी, चघळून टाकलेल्या शेंगा. कागदाचे रुमाल शेकड्यांनी, सगळे ओले आणि सगळे सारखे. मागच्या दारात पाहुणे जमू लागले. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. देवरावांचे कान तापले होते, पण हात थांबले नाहीत.

कौशल्या येऊन शेजारी बसली. "मले कोणी सांगतलं म्हणून नाई दादा. दोघं पाहू, लवकर होईन."

या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही.

ढीग जवळजवळ संपत आला तेव्हा बोटाला तार टोचली. गुलाबी प्लेट वरणात लडबडली होती. दीपमालाला रडूच फुटलं. कौशल्या आतून गरम पाणी आणायला निघाली तसं पोरीनं रडतच अडवलं, "गरम नको मावशी, वाकडी होते." नळाखाली साबण लावून तिनं प्लेट पुन्हा पुन्हा घासली, डोळे मिटले आणि तोंडात घातली. तिला उमळून आलं. तरी तिनं काढली नाही.

"बसली?" देवरावांनी वाकून विचारलं. तार चेपली असेल तर सगळी मेहनत वाया.

तिनं दात दाबले, जीभ फिरवली. मग होकाराची मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये देवरावांनी ओले हात गुडघ्यांवर उघडे ठेवले होते. तीनदा धुऊनही कढीचा वास जात नव्हता. मूर्तिजापूर मागे पडलं. खिडकीबाहेर पाहत असलेली दीपमाला प्लेटमुळे जड झालेल्या बोलीत म्हणाली, "बाबा, आजी घरी आल्यावर काय करत होती?"

"हात धूत बसे. आमाले जवळ येऊ देत नसे तोवर."

दीपमालानं त्यांचा एक हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, पण बडनेरा येईपर्यंत तिनं काही सोडला नाही.