चुन्याखालचा दगड

"हात लावू नको गो, चुना ओला हाय!" महिपती शिपाई ओरडला. पण ऐकेल तर ती रखमा कसली! पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारी बाई ती. तिने चावडीसमोरच्या दगडावर खुशाल तळहात टेकला.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, बहात्तर साली, हा दगड उभा राहिला. देशाने संविधान स्वीकारलं त्याची आठवण म्हणून त्यावर सरनामा कोरायचा होता. गुरुजींनी खडूने अक्षरं काढली आणि तुडीलच्या बौद्धवाडीतल्या जानूने, रखमाच्या नवऱ्याने, ती कोरली. जानूला वाचता येत नव्हतं, रखमालाही नाही. पुढच्याच वर्षी जानू खोकून खोकून गेला.

आणि आता दगड पांढराफटक! महिपतीची भक्तीच दांडगी. देवळापुढच्या दगडांना सणासुदीला चुना लागतो, मग याने काय घोडं मारलंय? झेंडावंदन आलं की फिरव कुंचला. बारा वर्षांत अक्षरं पार बुजली.

ग्रामसेवक बाहेर आले. "बाई, उद्याचं झेंडावंदन झालं की हा दगड काढणार आहोत. कोरा दगड ठेवून करायचं काय? इथे फरशीचा कट्टा होतोय."

रखमा दगडाच्या आडवी आली. "कोरा नाय ओ, भाऊसाहेब! ह्यांच्या हातचा हाय. सांजपातूर येळ द्या. वाचता आला तर ऱ्हाऊ द्या."

"आणि नाही आला तर?"

"तर पयली पहार मीच घालीन."

हातोडी तिने बाजूलाच ठेवली. छिन्नी तिरपी धरून चुना खरवडत बसली. जानू छिन्नी कुठे वळवायचा, कुठे उचलायचा, ते तिच्या बोटांना पाठ होतं. महिपती फुरंगटून जवळ आला.

"द्येवाचं म्हणून लावीत व्हतो गो मी."

"ठावं हाय रे बाबा. पानी आन."

त्याने निमूट बादली आणली आणि आपल्याच हाताने चुना धुऊ लागला.

उन्हं कलली तेव्हा ग्रामसेवकांनी चष्मा चढवला. "आम्ही, भारताचे लोक..." सरकारी परिपत्रक वाचावं तसं ते घडाघडा वाचत सुटले आणि अर्ध्यावर थांबले. "पुरे, वाचता येतंय. राहू दे दगड."

महिपतीने बादली उचलली. रखमा मात्र जागची हलली नाही.

"पुरतं वाचा की, भाऊसाहेब. म्या अजून ऐकलंच नाय, काय लिवलंय ते. आन् जरा सावकाश वाचा. ह्यांना कोराया एकवीस दिस लागलं व्हतं."

ग्रामसेवकांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.